सातवी 'ब'चा आवाज

निलेश घाडीगावकर पालकसभेत उठून उभा राहिला तो पाठ मोकळी करायला. बोलायचा त्याचा काडीचाही विचार नव्हता. सातवीच्या पोरांसाठी बनवलेल्या बाकावर तो बराच वेळ अंगाची घडी घालून बसला होता, डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि नेमक्या त्याच क्षणी मुख्याध्यापिका एथेल मिस विचारत होत्या, "शाळा एकटी काय काय करणार? पालकांपैकी कोणी पुढे येणार आहे का?" बाकी सगळे पालक मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेले. अख्ख्या वर्गात उभा असलेला माणूस एकच.

"हां, बोला मिस्टर घाडीगावकर," एथेल मिस म्हणाल्या.

भरल्या सभेत 'काही नाही, पाय आखडला' असं सांगायला फार मोठं धैर्य लागतं. ते निलेशकडे नव्हतं. शिवाय चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो शिफ्ट इन्चार्ज होता आणि माणसांकडून काम कसं करून घ्यावं याबद्दल त्याची काही ठाम मतं होती. ती घरात कोणी ऐकून घेत नसे. इथे वर्गभर माणसं आयती समोर बसली होती.

मामला होता एका आवाजाचा. सातवी 'ब'च्या वर्गात इतिहासाच्या तासाला आवाज यायचा. पोरांची तोंडं बंद, नजर पुस्तकात, चेहऱ्यावर देवळात बसल्याचे भाव, आणि कुठून तरी जुन्या फ्रिजसारखी 'म्म्म्म' अशी गुणगुण चालू. इतिहास शिकवणारे सुबोध सर यंदाच लागलेले, स्वभावाने इतके मऊ की खडू मोडला तरी त्यालाच सॉरी म्हणतील. त्यांनी पोरांच्या जागा बदलल्या, समजावलं, रागावूनही पाहिलं. गुणगुण थांबेना. शेवटी एथेल मिसनी जाहीर केलं होतं की मूळ गुन्हेगार सापडत नाही तोवर सातवी 'ब'ला स्नेहसंमेलनात पाऊल ठेवता येणार नाही. आणि सातवी 'ब'च्या नाटकात वकिलाचं काम होतं निलेशच्या मुलीला, ऋतिकाला. तिची तालीम घरी इतकी जोरात चालली होती की 'भाजीत मीठ कोणी जास्त घातलं' याचीसुद्धा उलटतपासणी व्हायची.

तेव्हा निलेशने घसा साफ केला. "मिस, मशीन कुठे आवाज करतंय ते केबिनमध्ये बसून कळत नाही. शेजारी जाऊन उभं राहावं लागतं. पालकांनी वर्गात येऊन बसायला पाहिजे. नुसत्या मीटिंगा घेऊन शिस्त लागत नाही!"

टाळ्या पडल्या. उभं राहण्याची वेळ आपल्यावर आली नाही या आनंदात पालकांनी त्या जरा जास्तच वाजवल्या.

"एक्सलंट," एथेल मिस म्हणाल्या. त्या मूळच्या गोराईच्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी होती आणि गळाला काय लागलंय हे त्यांना लगेच कळायचं. "सोमवारपासून तुम्ही बसा."

घरी आल्यावर बायकोने, नीलाने, सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तू? वर्गात? अरे, तुला सोसायटीच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं बसवत नाही!"

"तिथे शिस्त नसते," निलेश म्हणाला.

ऋतिकाने फक्त बापाकडे असं पाहिलं, की आपण झाकणांचा अख्खा लॉट वाकडा काढलाय असं त्याला वाटलं.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या मालनकाकू म्हणाल्या, "छडी ने सोबत. मारायची नाही रे, नुसती दिसली पाहिजे." समोरच्या बिल्डिंगमधले मॅथ्यू अंकल, जे आयुष्यभर ट्रॉम्बेला नोकरी करून आता गॅलरीत कुंड्या सांभाळतात, ते म्हणाले, "काळा गॉगल लाव. कुठे बघतोयस ते पोरांना कळता कामा नये." निलेशची आई जानकीबाई दूरदर्शनसमोर वाटाणे सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि तुझ्यावर लक्ष कोण ठेवतलो?"

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव कोणीतरी 'मिशन शिस्त' करून टाकलं आणि त्यावर निलेशच्या फोटोभोवती वाघाचं चित्र लावलं. ते बघून मात्र त्याला बरं वाटलं. कारखान्यात त्याने सकाळची शिफ्ट संध्याकाळशी बदलून घेतली आणि साहेबांना कारण सांगितलं, 'शैक्षणिक काम'.

सोमवारी शाळेच्या फाटकावरच मिशन अडलं. वॉचमनने पास मागितला. पास ऑफिसात मिळतो, निलेश म्हणाला. मग ऑफिसातून घ्या, वॉचमन म्हणाला. ऑफिस आत आहे, निलेश म्हणाला. आत जायला पास लागतो, वॉचमन म्हणाला. तो माणूस अजिबात चिडलेला नव्हता. उलट नियम किती सरळ आहे हे समोरच्याला कसं कळत नाही याचं त्याला वाईटच वाटत होतं. तेवढ्यात ऋतिका मैत्रिणींबरोबर आली. निलेशने मोठ्या आशेने हात हलवला. तिने चपळाईने बुटाची नाडी बांधायला घेतली आणि वाकलेल्या अवस्थेतच फाटकातून आत गेली.

शेवटी शिपाईकाम करणाऱ्या सुगंधामावशींनी त्याला पाहिलं आणि फाटकाच्या गजांतून पास बाहेर दिला. सोबत एक केशरी जाकीटही दिलं. बाहेरचा माणूस शाळेत फिरताना ओळखू आला पाहिजे असा नियम होता. स्वयंसेवकांची जाकिटं कुठल्याशा शिबिरात गेली होती, म्हणून क्रीडा विभागातलं एक मिळालं. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'खो-खो पंच'.

"दुसरं नाही?" निलेशने विचारलं.

"आहे ना. 'प्रथमोपचार'. पण मग पोरं गुडघे घेऊन येतील तुमच्याकडे," मावशी म्हणाल्या.

तर असा खो-खोचा पंच सातवी 'ब'च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला. गुडघे बाकात शिरले खरे, पण ते बाहेर कसे काढायचे हा प्रश्न त्याने पुढे ढकलला. सुबोध सर आत आले, त्यांनी निलेशला नमस्कार केला, निलेशनेही बसल्या जागी केला. तास सुरू झाला. आणि काय आश्चर्य! वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. गुणगुण नाही, कुजबुज नाही, काही नाही. निलेशने बाकाखाली मोबाइल धरून ग्रुपवर लिहिलं: 'परिस्थिती पूर्ण नियंत्रणात.' धडाधड अंगठे आले.

मधल्या सुट्टीत जाकिटाने घोळ केला. पाचवीच्या पोरांनी त्याला घेरलं आणि पाटीची रेघ सोडायच्या आधी खो दिला की नंतर यावर न्याय मागितला. निलेशने दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला. हरलेल्या बाजूने पीटीच्या सरांकडे अपील केलं. पीटीचे सर येऊन म्हणाले की शाळेने पंच बाहेरून मागवलाय हे आपल्याला कोणीच कसं सांगितलं नाही. त्यांची समजूत काढता काढता निलेशचा डबा जेमतेम खाऊन झाला, तोही घाईघाईत. नीलाने त्यात वालाची उसळ, भात आणि वर दही दिलं होतं. एखाद्या लग्नाच्या जेवणानंतर झोप यावी असा ऐवज.

सुट्टीनंतर पुन्हा इतिहास होता. सर फळ्याकडे तोंड करून सनावळ्या लिहीत बोलत होते. खिडकीतून छान वारा येत होता. निलेश हनुवटी तळहातावर ठेवून एकाग्र झाला. तो इतका एकाग्र झाला की त्याचे डोळे मिटले आणि थोड्या वेळाने शेवटच्या बाकावरून एक आवाज निघाला. आधी बारीक, मग ठाशीव, मग चांगला दमदार.

सर फळ्याकडेच तोंड करून उभे होते. इतक्या दिवसांचा सोसलेला अपमान त्यांच्या मानेतून वर चढला आणि वळून न बघताच ते आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "कोण आहे तो? बाहेर! आत्ताच्या आत्ता बाहेर उभा राहा!"

निलेश दचकून उठला. पूर्ण जागा झालाच नव्हता. पण शाळेत असताना ही आज्ञा त्याने इतक्या वेळा ऐकली होती की पुढचं सगळं त्याच्या पायांनीच केलं. गुडघे खाडकन सुटले, त्याने डबा उचलला, मान खाली घातली आणि मुकाट बाहेर जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

वर्गात एकही पोर हसलं नाही. काही प्रसंग हसण्याच्याही पलीकडचे असतात.

नीट जाग आली तेव्हा समोर सुगंधामावशी उभ्या होत्या. "काय केलंत?" त्यांनी सहानुभूतीने विचारलं. निलेश उत्तर शोधतोय तोच जिन्यावरून व्हेनेसा आली. ही सातवी 'ब'तल्या ॲलनची आई. ॲलनने घरी विसरलेली वही द्यायला ती आली होती. तिने भिंतीशी उभ्या असलेल्या मिशन प्रमुखाकडे पाहिलं, "अय्या, भारी!" म्हणाली आणि फोटो काढला. तो फोटो ग्रुपवर पोचला तेव्हा निलेश अजून डबा सावरत होता. त्याच्या खाली पुन्हा धडाधड अंगठे आले, पण या अंगठ्यांचा अर्थ वेगळा होता.

इकडे सरांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ते धावत बाहेर आले, "सॉरी सॉरी, अहो, मला वाटलं..." आणि एथेल मिसही त्याच वेळी राउंडवर आल्या. मुलांना वर्गाबाहेर काढू नये असं शाळेने ठरवून टाकलेलं, तसं परिपत्रकही भिंतीवर लावलेलं. सरांचा चेहरा त्या परिपत्रकाइतकाच पांढरा झाला. एथेल मिसनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. "इथे विद्यार्थी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पालकांबद्दल काही नाही. चालू द्या."

घरी नीला इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. जानकीबाईंनी फोटो जवळ धरून, लांब धरून बघितला. "शाळेत होतंस तेव्हा पण असोच उभो ऱ्हवायचंस," त्या कौतुकाने म्हणाल्या. "मास्तर तुका खडू मारीत. आता बापूस झालंस तरी तसोच रवलंस."

"आई, मी तिथे स्वतःच्या मजेसाठी गेलो नव्हतो," निलेश म्हणाला. आवाजात जखमी सैनिकाचा सूर होता. "ह्या पोरीच्या नाटकासाठी गेलो होतो. पण कुणाला आहे त्याचं काही?"

दाराशी उभ्या असलेल्या ऋतिकाचा चेहरा पडला. ती आत आली आणि त्याच्या शेजारी सोफ्यावर बसली.

"बाबा, तुला झोप का आली माहितेय?"

"दही."

"नाही. आम्ही गप्प बसलो म्हणून. तू होतास ना, म्हणून आज कोणी गुणगुणलं नाही. मग सरांचा आवाज येणार कसा?"

निलेशला काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं. सुबोध सर शिकवतात छान, पण बोलतात फळ्याशी. दुसऱ्या बाकाच्या मागे एक शब्द येत नाही. पोरांनी सुरुवातीला सांगितलं, तर सर बिचारे लाजून म्हणाले, लक्ष दिलं की ऐकू येईल. मग एकदा कोणीतरी सहज गुणगुणलं आणि गडबडीवर मात करायला सरांनी आवाज चढवला. त्या दिवशी शेवटच्या बाकापर्यंत पानिपतची पहिली लढाई नीट ऐकू आली.

"मग मी म्हटलं, हे बरंय," ऋतिका म्हणाली. "सगळ्यांनी एकदम केलं तर पकडले जाऊ. म्हणून बाकांच्या पाळ्या लावल्या. एक बाक थांबला की दुसरा चालू."

"शिफ्ट?" निलेशने विचारलं.

"हो. मध्ये गॅप पडू द्यायचा नाही."

निलेशच्या कारखान्यात एवढी वर्षं झाली तरी शिफ्ट बदलताना मशीन थांबायचंच. बाप म्हणून रागवायला हवं होतं आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून पाठ थोपटायला. दोन्ही एकदम जमेना. आणि त्याला आठवलं की आज सकाळच्या तासातलाही एक शब्द आपल्याला ऐकू आला नव्हता. त्यालाच तो शांतता समजून बसला होता.

"मूळ गुन्हेगार तू आहेस म्हणजे," तो म्हणाला.

"नाव सांगणारेस?"

नीलाचं हसू थांबलं होतं. "आधी सरांशी बोल," ती म्हणाली. "एकट्याशी. हळू बोल, त्यांना वाईट वाटेल असं करू नकोस."

'तुमचा आवाज येत नाही' हे एखाद्या शिक्षकाला न दुखावता कसं सांगायचं? निलेशने रात्री आरशासमोर सराव केला. 'सर, तुमच्या ज्ञानाबद्दल वादच नाही' अशी सुरुवात ठरली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शिक्षकांच्या खोलीत गेला. खोली भरलेली होती, डोक्यावर पंखा खडखडत होता, मैदानावर पोरांचा गोंगाट. सर कोपऱ्यात पोहे खात होते.

"सर, तुमच्या ज्ञानाबद्दल वादच नाही..." निलेश अगदी हळू म्हणाला.

"काय?" सरांनी कानाला हात लावला.

"म्हणजे... आवाजाबद्दल जरा..."

"वाद? कोणाशी वाद?"

निलेशने आजूबाजूला पाहिलं, श्वास घेतला आणि पंख्याच्या वरताण होईल अशा बेताने बोलला. नेमकी वीज गेली. पंखा थांबला. मैदानावर सुट्टी संपल्याची घंटा होऊन पोरंही गप्प झाली. आणि त्या निवांत शांततेत 'तुमचा आवाज येत नाही!' हे वाक्य खोलीतून निघालं, व्हरांड्यातून गेलं, जिना उतरलं आणि मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये शिरलं.

दोघांनाही बोलावणं आलं.

"कोणाला येत नाही आवाज?" एथेल मिसनी विचारलं.

सुबोध सर जमिनीकडे बघत होते. पोह्याचा एक दाणा त्यांच्या मिशीत अडकला होता आणि त्यामुळे ते आणखीच केविलवाणे दिसत होते. निलेशने गुणगुणीचं रहस्य सांगितलं, पाळ्याही सांगितल्या. एवढी व्यवस्था आपल्याला कशी कळली, हे मात्र त्याने गाळलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"निरीक्षण," निलेश म्हणाला.

"तुम्ही तर झोपला होतात."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी सांगितलं, मिस. मीच सुरू केलं."

ऋतिका उभी होती. हनुवटी वर होती. "बाकीच्यांनी माझं ऐकलं फक्त. त्यांना नाटकातून काढू नका. आणि सर, आम्हाला तुमची मस्करी करायची नव्हती. आम्हाला ऐकायचं होतं. अफझलखान पुढे काय करतो ते कळायच्या आधी तुम्ही फळ्याकडे वळता."

निलेशला पोरीचा हात धरावासा वाटला, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. नाटकातल्या वकिलापेक्षा ती कितीतरी बारीक आवाजात बोलली होती, तरी केबिनभर ते नीट ऐकू आलं होतं.

एथेल मिस उठल्या. "चला, वर्गात."

सातवी 'ब' खडबडून उभी राहिली. एथेल मिस सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि निलेशला शेजारची जागा दाखवली. "शिकवा सर. रोजच्यासारखं."

सर घाबरलेले, त्यात मिस समोर. आवाज रोजच्यापेक्षाही बारीक लागला. ते वळले, खडू घेतला आणि फळ्याशी काहीतरी मनातलं बोलावं तसं बोलू लागले. वर्ग श्वास रोखून बसला. एथेल मिसनी कान पुढे केला. मग मान पुढे केली. मग सगळ्याच पुढे झुकल्या. आणि मग निलेशने पाहिलं, की त्यांनी दोन्ही हातांची घडी घातली, ओठ घट्ट मिटले, नजर पुस्तकात लावली आणि अतिशय शिस्तीत सुरुवात केली:

"म्म्म्म्म..."

सर दचकले. त्यांचा आवाज चढला. "तर शिवाजी महाराज आग्र्याला पोचले!" हे वाक्य अख्ख्या वर्गाला लख्ख ऐकू आलं.

"हां," एथेल मिस म्हणाल्या, "आता पोचले."

वर्ग खिदळला. पोरं हसली, सुगंधामावशी दारात हसल्या आणि एक क्षण बावरून मग सुबोध सरही हसले, मिशीतल्या पोह्यासकट.

निकाल त्याच दिवशी लागला. नाटक होणार. सर फळा सोडून बाकांमधून फिरत शिकवणार. पण एवढे दिवस सरांना छळल्याबद्दल ऋतिकाला काहीतरी शिक्षा हवीच. एथेल मिस म्हणाल्या की वर्गाबाहेर उभं करणं नियमात बसत नाही, तेव्हा काय करायचं ते तिनेच सांगावं. ऋतिकाने विचार केला. "मी स्वतःहून उभी राहिले तर?"

एथेल मिसनी परिपत्रक आठवून पाहिलं. "स्वतःहूनबद्दल काही लिहिलेलं नाही."

आणि म्हणून दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला ऋतिका बाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. शेजारी निलेशही उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला या कामाचा अनुभव आहे, एवढंच तो म्हणाला. कारखान्यात शिफ्ट अजून बदललेलीच होती आणि सकाळ मोकळी होती.

"बाबा, लोक बघतायत," ऋतिका पुटपुटली.

"बघू दे. मला सवय झालीये."

ती हसली आणि त्याच्या दंडाला टेकली.

आतून सरांचा आवाज येत होता. कधी खिडकीपाशी, कधी दाराजवळ. पेटारे तयार झाले होते. मिठाईच्या वासाने पहारेकरी कंटाळले होते. आज अंधार लवकर पडला होता. निलेशने ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, पुढे काय होतं ते त्याला पाठ होतं, तरी तो कान देऊन ऐकत होता. सर आता रंगात आले होते. पेटारे दरवाजापाशी आले, मुख्य पहारेकऱ्याने हात वर केला, एका पेटाऱ्याजवळ तो वाकला, आणि...

आणि रंगाच्या भरात सर फळ्याकडे वळले. पुढचं सगळं फळ्याने ऐकलं.

ऋतिकाने बापाकडे पाहिलं. बापाने तिच्याकडे पाहिलं. तिने दाराच्या चौकटीतून डोकं आत घातलं आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "सर, ऐकू नाही आलं!"

सर थांबले. मग खडू तसाच हातात धरून ते बाकांमधून चालत मागे आले, दारापर्यंत आले, उंबऱ्यावर एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "कुठपर्यंत ऐकलं होतं?"

"पहारेकरी वाकला," निलेश घाईघाईने म्हणाला. "पुढे काय झालं?"